हजारावा चंद्र किती वाजता?

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा

सकाळी दुकानात पूजा. काट्याला झेंडूचा हार, हरभऱ्याच्या बियाण्याच्या थैल्यांना हळदकुंकू. संध्याकाळी सोनं द्यायला आलेली मंडळी पांगल्यावर बाबांनी आपली काळ्या पुठ्ठ्याची वही काढली. मूर्तिजापूर–अचलपूर छोट्या गाडीवर गार्ड होते तेव्हापासूनची सवय, जे काही असेल ते वहीत.

जन्म १८ जानेवारी १९४५. त्यानंतरची पहिली पौर्णिमा २८ जानेवारीची. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. पहिलीत ९९९ महिने मिळवले की हजारावी पौर्णिमा येते ५ नोव्हेंबर २०२५ ला. बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा. बाबा म्हणाले, "लोकं ऐंशी झाले की अंदाजानं करून टाकतात. आपल्याले तारीखच भेटली, तं अंदाज काहून करावा?"

म्हणजे सहस्रचंद्रदर्शन बुधवारी. ताई सिडनीत, धाकटा न्यू जर्सीत एडिसनला, भाची लंडनला. तिघांनाही दिवाळीत यायला जमत नाही हे आधीच कळलंय. तेव्हा फोनवरच सगळ्यांना एकत्र आणायचं. हे काम माझ्याकडे आलं.

५ ऑक्टोबर, रविवार

ताईचा रविवारचा फोन एरवी आपल्या एक वाजता येतो. आज बाराला आला. आईच्या हातात पोळ्यांचं पीठ. ताई म्हणाली, "मी माझ्या साडेपाचलाच केला गं, नेहमीसारखा." तिच्याकडे आज घड्याळं तासभर पुढे केली. न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उन्हाळी वेळ लागते, एप्रिलच्या पहिल्या रविवारी उतरते. कालपर्यंत ती आपल्या साडेचार तास पुढे होती, आजपासून साडेपाच.

लंडन आणि न्यू जर्सीत उलटा कारभार. तिथे आता हिवाळा येणार, म्हणून घड्याळं मागे जातील, तीही एका दिवशी नाहीत. लंडन २६ ऑक्टोबरला, अमेरिका २ नोव्हेंबरला. आपला कार्यक्रम ५ ला. म्हणजे आज जो तक्ता करीन तो त्या दिवशी तिघांपैकी फक्त ताईच्या कामाचा. वहीत कार्यक्रमाच्या तारखेच्या वेळा लिहिल्या आणि आजच्या वेळा लिहिल्याच नाहीत.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

गच्चीवर दूध आटवलं. बाबांच्या हिशेबानं हा नऊशे नव्व्याण्णवावा. "एक बाकी," म्हणाले आणि पेल्यात चारोळ्या शोधत बसले.

चंद्र पूर्ण होण्याचा नेमका क्षण उद्या सकाळी सव्वानवाच्या पुढेमागे आहे. तेव्हा तो इथे मावळलेला असेल. धाकट्याकडे मात्र त्या वेळी आजचेच रात्रीचे बारा वाजायला दहा-बारा मिनिटं कमी असतील आणि चंद्र डोक्यावर. खरी कोजागिरी यंदा एडिसनला. त्याला तसं कळवलं. "ऑफिस आहे उद्या, झोपतो," असं उत्तर.

११ ऑक्टोबर, शनिवार

गुरुजी येऊन गेले. शांतीसाठी बाबांची पत्रिका हवी होती. आजोबांच्या हातची जन्माची चिठ्ठी बाबांनी कपाटातून काढली. शाई फिकट झालीय, पण अक्षर लागतं : 'गुरुवार, सकाळी ७ वा. २० मि., नवा टाइम.'

गुरुजींनी चष्मा पुसला. "चव्वेचाळीस-पंचेचाळीस सालचा जन्म ना? मग एक तास वजा करा."

मला हे नवीन होतं, बाबांना नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं देशभरची घड्याळं तासभर पुढे ढकलली होती, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. लोक त्याला नवा टाइम म्हणत. तेव्हा ७.२० चे झाले ६.२०. गुरुजी तिथेही थांबले नाहीत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. अचलपूर ७७.५ वर. पाच अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं आणखी वजा. अचलपूरच्या सूर्याप्रमाणे बाबा सहाला जन्मले.

अन् जानेवारीत इथे सूर्य उगवतो प्रमाणवेळेच्या सातच्या सुमाराला. वार सूर्योदयाला बदलतो. म्हणजे पंचांगाच्या लेखी बाबा बुधवारचे, गुरुवारचे नव्हेतच. ऐंशी वर्षं गुरुवारी साबुदाणा खाल्लेला माणूस! आई हसली. बाबा म्हणाले, "उपास गुरुवारचाच राहू द्या. वार बदलला म्हणून पोट थोडंच बदलते."

गुरुजी गेल्यावर बाबा बराच वेळ बोलत होते. १ जानेवारी १९०६ ला देशाला एक वेळ आली, त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि गाव आपापल्या सूर्यावर. मुंबईनं तर सरकारी वेळ बराच काळ मानलीच नाही. ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकवला. जुन्या गार्डांकडून हे किस्से बाबांनी ऐकलेले. गाडीची वेळ आणि गावची वेळ वेगळी, त्यामुळे मद्रासची वेळ न कळलेला माणूस फलाटावर पोचेतो गाडी गेलेली.

तर एका माणसाच्या एका जन्माला तीन घड्याळं आणि दोन वार. मी उगाच चार शहरांचं ओझं घेऊन बसलोय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

एडिसनहून वैनीचा सकाळीच मेसेज, काल रात्रीच्या पूजेच्या फोटोसकट : 'आमचं झालं. तुमचं आज? चुकलं कोण?'

कुणीच नाही. अमावास्या लागली काल, २० तारखेला दुपारी ३.४४ ला, आणि संपते आज संध्याकाळी ५.५४ ला. हे दोन क्षण सगळ्या पृथ्वीला एकच. पण एडिसनच्या घड्याळात तीच अमावास्या २० च्या सकाळी सव्वासहाला लागून २१ च्या सकाळी साडेआठच्या आत संपते. तिच्या वाट्याला संध्याकाळ आली एकच, २० ची. लंडनलाही तसंच. सिडनीत ती लागली २० च्या रात्री सव्वानवाला, म्हणून तिथली संध्याकाळ २१ ची. आपल्याकडे दोन्ही संध्याकाळींना ती शिवते. त्यावरून यंदा पंचांगवाल्यांत चर्चाही झाली. आपल्याकडच्या पंचांगांनी आजचा दिवस दिला, उत्तरेत बऱ्याच जणांनी कालचा धरला.

एवढं टाइप करून वैनीला पाठवलं. तिचं उत्तर : 'म्हणजे तिथी सगळ्यांची, दिवस ज्याचा त्याचा.'

इतक्या दिवसांत मला हे एका वाक्यात सुचलं नव्हतं. पंचांगानं क्षण आणि दिवस ही दोन खाती कधी एकत्र केलीच नाहीत. क्षण आकाशाकडून येतो, तो कुणासाठी हलत नाही. दिवस मात्र आपल्या उंबरठ्यावरच्या सूर्यावर ठरतो. आमच्या घरच्या गोंधळाचं मूळ हेच की आम्ही 'बुधवारी संध्याकाळी' म्हणतो आणि प्रत्येकाला आपला बुधवार, आपली संध्याकाळ ऐकू येते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

ताईनं धाकट्याला फोनवर ओवाळलं. सिडनीत दुपारचे बारा, ताई ऑफिसच्या जिन्यात, डब्याच्या झाकणात निरांजन. धाकट्याकडे बुधवार रात्रीचे नऊ, जेवण करून निवांत. आमचे सकाळचे साडेसहा, म्हणून मला आणि आईला उठून बसावं लागलं.

सौ. म्हणाली, "भाऊजींच्या घड्याळात कधी वाईट वेळ येतच नाही, पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. मागचे फोन आठवून पाहिले. आईच्या वाढदिवसाला ताई पहाटे उठली होती. भाचीच्या पदवीच्या वेळी आम्ही जागलो. गणपतीच्या आरतीला पुन्हा ताई. प्रत्येक वेळी बोलणं सुरू होतं 'त्याला कधी जमेल?' इथून, कारण तो सगळ्यांत बिझी, सगळ्यांत हाती न लागणारा. ज्याला धरून आणणं अवघड, त्याची सोय ती सगळ्यांची सोय, असा घरात अलिखित कायदा झालाय. तो काही मागत नाही, आम्हीच देतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

घरच्यांचा फोन. विषय ५ तारखेची वेळ. धाकटा म्हणाला, "बुधवार वर्किंग डे. ९ तारखेचा रविवार घ्या. गुरुजींना विचार, चालत असेल."

गुरुजींना विचारलंच होतं. विधी कुठल्याही चांगल्या दिवशी होतो, त्यांची हरकत नाही. मी तसं सांगितलं. बाबा तोवर गप्प होते. मग म्हणाले, "रविवारी चंद्र कोणता असन? रात्री उशिरा उगोल, अर्धवट. मी हजार मोजले ते त्याच्यासाठी का?"

बुधवार ठरला. वेळेवर पुन्हा घासाघीस. पूर्ण चंद्राचा क्षण संध्याकाळी ६.४९. तो घेतला तर लंडनला दुपारचा सव्वा, एडिसनला सकाळचे सव्वाआठ, दोघांचं छान. ताईकडे रात्रीचे बारा वाजून एकोणीस मिनिटं. ताई म्हणाली, "जागीन मी, त्यात काय. पण पाचचे बारा की सहाचे?"

हा प्रश्न बाबांच्या हातचा. रात्री बारा वाजून पंधरा मिनिटांच्या गाडीचं सहा तारखेचं तिकीट घेतलेला प्रवासी सहाच्या रात्री सामान घेऊन येतो आणि गाडी चोवीस तास आधी गेलेली असते. हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. म्हणून त्यांचा नियम : मध्यरात्रीच्या आसपासची वेळ कुणाला द्यायचीच नाही, अन् द्यायची तर 'पाचच्या रात्री जेवून झोपू नको' असं सांगायचं.

सौ.नं मधेच विचारलं, "चंद्र उगवतो कधी?"

साडेपाचच्या सुमाराला. आपले साडेपाच घेतले तर ताईकडे रात्रीचे अकरा, भाचीकडे दुपारचे बारा, धाकट्याकडे सकाळचे सात. मुलांना शाळेत सोडायच्या आधी त्याला तासभर लवकर उठावं लागेल. फोनवर थोडी शांतता. मग सौ. स्पष्टच म्हणाली, "ताई प्रत्येक वेळी जागतात. या वेळी तुम्ही थोडे आधी उठा, भाऊजी."

"हो हो, उठतो," धाकटा म्हणाला. त्याला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं, हे त्याच्या आवाजात कळलं.

फोन ठेवल्यावर सौ. माझा तक्ता घेऊन बसली. "यात चार गावं आहेत. आपलं स्वयंपाकघर कुठाय? त्या दिवशी त्रिपुरवात, दिवेलागण, चाळीस माणसांचं जेवण, सगळं साडेपाचलाच." पाचवा रकाना केला. पुरणाची डाळ शिजवायची वेळ दुपारी दोन. जेवण आठनंतर. भाजीला शेजारच्या काकू.

२६ ऑक्टोबर, रविवार

लंडनची घड्याळं आज मागे. बाबांनी मनगटी घड्याळ काढून उलटं धरलं, बाराचा आकडा खाली. इथले साडेपाच तिथले बारा दिसायला लागले. काटे अर्धा फेरा फिरले की तासकाटा सहा तासांनी सरकतो आणि मिनिटकाटा अर्ध्या तासानं, म्हणून साडेपाच तासांचा फरक असला की उलटं घड्याळ बरोबर दाखवतं. कालपर्यंत हे चाललं नसतं, उन्हाळ्यात फरक साडेचारच असतो. नातवंडांना व्हिडिओत दाखवून झालं. भाचीनं तिथून आपलं घड्याळ उलटं करून पाहिलं. तिला अचलपूर दिसलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आभाळ धरलेलं. सोयाबीन झाकायला ताडपत्री मागणारे सकाळपासून. हरभऱ्याचं बियाणं घ्यायला पथ्रोटकडचे एक दादा आले. काउंटरवर माझा तक्ता पडला होता. "हे काय टाइमटेबल, भाऊ?"

सांगितलं. ते हसले. "आमचं बी अमेरिकेचंच घड्याळ हाय नं. या हप्त्यात थ्री फेज रातची हाय. पुढल्या हप्त्यात दिवसाची. संत्र्याले पाणी द्याले मी रातच्या एक वाजता वावरात, अन् सकाळी पोरगं म्हणते, बाबा झोपून काहून हाय."

शेतीच्या फीडरची पाळी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कुणाला सारखी रात्र येत नाही, हे त्या वेळापत्रकातलं एक बरं. दादांनाही तेच म्हणालो. ते म्हणाले, "बरोबर. पण रातचं पाणी धराले साप बी येते. सारखी पाळी म्हणजे सारखा तरास नाई." बियाणं घेऊन गेले. खरं आहे. ताईचे रात्रीचे अकरा आणि धाकट्याचे सकाळचे सात हे काही सारखे नाहीत. आपल्याला वाटतं तास वाटले की न्याय झाला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

रंगीत तालीम. भाचीनं सगळ्यांना कॅलेंडरवर निमंत्रण पाठवलं. त्यात तिनं 'साडेपाच' कुठे लिहिलंच नाही. क्षण एकदा भरला, प्रत्येकाच्या फोनवर आपापली वेळ उमटली. फोन आतून सगळं एकाच जागतिक वेळेत मोजतो आणि कुठलं शहर कुठल्या तारखेला घड्याळ फिरवतं त्याची यादी जवळ ठेवतो. मुद्दा इतकाच की निमंत्रणात शहर बरोबर निवडायला हवं, नुसता साडेपाचचा फरक लिहून चालत नाही. फरक बदलतो, शहर बदलत नाही.

आज धाकटा आठला आला, कारण त्याच्याकडे अजून उन्हाळी वेळ. "हे तर आरामात जमतंय," म्हणाला. म्हटलं, रविवारी घड्याळ मागे गेलं की हेच सात होतील. तो गप्प.

२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी

अमेरिकेची घड्याळं मागे गेली. धाकट्याचा मेसेज : 'एक तास जास्त झोपलो. बुधवारी परत करतो.'

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

सव्वापाचला गच्चीवर पाट मांडले. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला, तो घसरला, मग पुरणयंत्राला टेकवला. ताई आधीच हजर, खांद्यावर शाल. भाची ऑफिसच्या कँटीनमध्ये. त्याच्या सात वाजून दोन मिनिटांनी धाकटा, वैनी आणि दप्तरं पाठीवर घेतलेली पोरं. वैनीचा एक डोळा घड्याळावर.

गुरुजींनी संकल्प सोडला. आज मी तो नीट ऐकला. आधी जागा सांगतात : कुठला खंड, कुठल्या नदीचा कुठला तीर. आपण गोदावरीच्या उत्तरेचे. मग काळ : शके १९४७, विश्वावसु संवत्सर, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. स्थळ सांगितल्याशिवाय वेळ सांगतच नाहीत. भाचीला म्हटलं, तुझ्या निमंत्रणात आणि यात फरक नाही. ती म्हणाली, "यात संवत्सर जास्त आहे."

चंद्र शेजारच्या टिनांच्या वर यायला वेळ लागला. आला तो तांबूस, मोठा. एक्क्याऐंशी दिव्यांचं तबक जड. आईचा हात धरून सौ.नं ओवाळलं. वाऱ्यानं कडेचे दोन दिवे गेले, ते पुन्हा लावले. बाबांनी चंद्राला हात जोडले आणि खिशातून वही काढून काहीतरी टिपलं.

एडिसनला चंद्र नुकताच मावळला होता, लंडनला भर दुपार. ताई मात्र फोन घेऊन बाल्कनीत गेली. तिच्याकडे तो चांगला वर चढलेला. बाबांनी डोळे बारीक केले. "ससा उलटा दिसून रायला."

खरंच उलटा होता. दक्षिण गोलार्धातून चंद्राचे डाग आपल्या उलट दिसतात. मग दोन्ही चंद्र शेजारी धरून पाहायची धडपड, त्यात फोन पुन्हा घसरला. धाकट्याची पोरं शाळेत गेली, तो थांबला. त्याच्या पावणेआठपर्यंत थांबला होता.

जेवणं साडेआठला. पुरणपोळी उरली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

संक्रांतीच्या फोनची वेळ आत्ताच ठरवून टाकली. १४ जानेवारी, बुधवार. तोवर कुठलंच घड्याळ हलणार नाही. अमेरिकेचं ८ मार्चला, लंडनचं २९ मार्चला, ताईचं ५ एप्रिलला. नव्या कॅलेंडरवर तिन्ही तारखांना गोल करून ठेवले.

वेळ सौ.नं काढली : आपले दुपारचे अडीच, तिळाचे लाडू वळून झाल्यावर. ताईकडे रात्रीचे आठ, भाचीकडे सकाळचे नऊ, धाकट्याकडे पहाटेचे चार. बाबांनी वहीत पाळीचा रकाना आखलाय, त्यात धाकट्याचं नाव पहिलं. खालोखाल आमचं.

निमंत्रण गेलं. ताईचा लगेच फोन, हसत होती. भाचीचा होकार. एडिसनहून बराच वेळ काही नाही, मग अंगठा आला. त्याच्या खाली वैनीचा प्रश्न : 'ही पाळी दरवर्षी आहे का?'

बाबांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं : 'हाव.'